शाळेच्या मैदानावरून २२० केव्हीची लाईन: अल्पसंख्याक संस्थेचा हक्क कुठवर चालतो?

सह्यकडा (धागाकर्ता)

आमच्या तालुक्यात एक उर्दू माध्यमाची अनुदानित शाळा आहे. तिच्या विश्वस्त मंडळाला मी कागदपत्रांच्या कामात मदत करतो. अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे, जमीन दोन एकर, सातबाऱ्यावर ट्रस्टचं नाव. तालुक्याला नवीन २२०/३३ केव्ही (किलोव्होल्ट) उपकेंद्र मंजूर झालंय आणि त्याला येणाऱ्या लाईनचा सर्व्हे शाळेच्या मैदानावरून गेला. खुंट्या मारून झाल्यात.

सध्या गावात दोन वाक्यं ऐकू येतात. विश्वस्तांपैकी काही म्हणतात, "आपल्याला घटनेचं संरक्षण आहे, कुणी हात लावू शकत नाही." गावातले बरेच जण म्हणतात, "एका शाळेपायी सगळ्या तालुक्याची वीज अडवणार का?" उन्हाळ्यात इथे संध्याकाळी व्होल्टेज इतका पडतो की मोटार उचलत नाही. त्यामुळे दुसरं वाक्य रागाने म्हटलं जातं आणि तो राग मला कळतो.

कायदा वाचल्यावर दोन्ही बाजू थोड्या चुकतायत असं माझं मत झालंय.

घटनेच्या अनुच्छेद ३० (१) नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढून तो अनुच्छेद ३००क मध्ये साध्या घटनात्मक हक्काच्या रूपात ठेवला. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३० ला (१क) हा खंड जोडला. सक्तीच्या संपादनाचा कायदा करताना अशा संस्थेच्या मालमत्तेची रक्कम अशी ठरली पाहिजे की खंड (१) मधला हक्क त्यामुळे मर्यादित होणार नाही किंवा संपुष्टात येणार नाही, असं तो सांगतो. म्हणजे जमीन घेताच येणार नाही असं घटनेत कुठेही म्हटलेलं नाही. जमीन गेली तरी शाळा चालली पाहिजे, इतपत मोबदला द्या, असं म्हटलंय. सेंट जोसेफ्स कॉलेज सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यापुढे जाऊन सांगितलं की यासाठी विशिष्ट कायदा हवा आणि रकमेमुळे संस्थेच्या कामकाजाला कोणत्याही प्रकारे बाधा येता कामा नये.

मग अडचण कुठे? लाईनसाठी जमीन संपादित होतच नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६४ खाली शासन आदेश काढून पारेषण कंपनीला (उच्च दाबाची वीज वाहून नेणाऱ्या) तार अधिनियम, १८८५ (टेलिग्राफ ॲक्ट) मधले अधिकार देतं. त्या कायद्याच्या कलम १० नुसार कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क, मालकी शाळेचीच राहते. संपादन नाही म्हटल्यावर (१क) चा विषयच निघत नाही.

मालकी राहिली तरी उरतं काय, तेही बघा. २२० केव्हीचा कॉरिडॉर, म्हणजे लाईनखालचा राखीव पट्टा, ३५ मीटर रुंद असतो. मैदानावरून लाईन शंभर मीटर जाते, म्हणजे ३५०० चौरस मीटर, जवळजवळ साडेचौतीस गुंठे. शाळेची सगळी जमीन ऐंशी गुंठे. नववी-दहावीचे वर्ग काढायची परवानगी मिळाली तर इमारत त्याच बाजूला होणार होती, कारण दुसऱ्या बाजूला ओढा आहे. कॉरिडॉरमध्ये बांधकाम करता येत नाही. जमीन ट्रस्टच्या नावावर राहील आणि शाळा आठवीवर थांबेल.

म्हणून मला वाटतं, लाईन आखतानाच "यानंतर ही शाळा शाळा म्हणून चालेल का?" हा प्रश्न कागदावर आला पाहिजे. मोबदल्याच्या टप्प्यावर तो विचारून उपयोग नाही आणि १६४ च्या वाटेने तो विचारलाच जात नाही. जाणकारांनी लिहावं.

पडीक वाचक

वाचतोय. महत्त्वाचा विषय.

गटनंबर

माझ्या उसात टॉवर उभा आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. शाळा वाचवायची म्हणून लाईन सरकवली की ती कुठे जाते? शेजारच्या शेतकऱ्याच्या रानात. त्याच्यामागे अनुच्छेद नाही, ट्रस्ट नाही, वकील नाही. एक एकरवाल्याच्या मधोमध टॉवर आला तर ट्रॅक्टर वळवायलासुद्धा जागा राहत नाही. शाळेबद्दल आदर आहे, पण "मार्ग बदला" म्हणताना तो कुणाच्या डोक्यावर बदलताय तेही लिहा.

सह्यकडा

@गटनंबर, तुमचा मुद्दा मोठा आहे आणि माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नाही. पूर्वेकडून वळवली तर लाईन गायरानाच्या कडेने जाते, पण मधे दोन शेतकऱ्यांचे गट लागतात. त्यांच्याशी अजून कुणी बोललेलं नाही.

सरळसोट

एक प्रश्न, राग मानू नका. अल्पसंख्याक शाळेलाच वेगळं संरक्षण का? मुलं सगळीकडची सारखीच. जिल्हा परिषदेच्या शाळेवरून लाईन गेली तर चालते का?

कायदेकानू

@सरळसोट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच १८८५ च्या कायद्यात आहे आणि ते अनेकांना माहीत नसतं. कलम १० च्या परंतुकात म्हटलंय की स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या मालमत्तेवर त्या प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हे अधिकार वापरायचे नाहीत. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेची जागा असेल तर आधी परवानगी लागते. ट्रस्टच्या शाळेला, ती अल्पसंख्याक असो वा नसो, ही पायरी नाही. पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की हे अधिकार मिळालेल्या कंपनीला खाजगी जमीनमालकाची पूर्वसंमती घ्यावी लागत नाही.

तेव्हा आजच्या घडीला जि. प. शाळेला या बाबतीत अल्पसंख्याक शाळेपेक्षा जास्त कवच आहे.

सीमाभागकर

@सरळसोट यांच्यासाठी अजून एक. मी बेळगावचा. इथे मराठी भाषिक अल्पसंख्याक आहेत, कारण अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरतं. टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तसं सांगितलंय. म्हणजे आमच्याकडच्या मराठी शिक्षण संस्थांच्या मागे उभा राहतो तो हाच अनुच्छेद ३०. महाराष्ट्रात सोलापूरच्या तेलुगू-कन्नड संस्था, उल्हासनगरच्या सिंधी संस्था आणि धागाकर्त्यांची उर्दू शाळा एकाच ओळीत बसतात. हा हक्क "त्यांचा" वाटतो तो फक्त आपण बहुसंख्य असू त्या राज्यात.

आणि वेगळं संरक्षण का, तर अशा शाळेला पर्याय जवळ नसतो. तालुक्यात उर्दू किंवा कन्नड माध्यमाची एकच शाळा असते. तिची वाढ खुंटली की आठवीनंतर मुलगी घरी बसते. हे आमच्याकडे मराठी शाळांच्या बाबतीत रोज पाहतो.

सरळसोट

बेळगावचा मुद्दा पटला. तरी नियम करायचाच तर सगळ्या शाळांसाठी करा, या मतावर मी ठाम आहे.

सह्यकडा

मलाही तेच हवंय. घटनेने अल्पसंख्याक संस्थांसाठी तळ आखून दिलाय. त्या तळावर बाकी शाळांना आणू नका असं कुणी म्हटलेलं नाही.

रोहित्र

पारेषणच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त आहे. जरा लांबण लावतो, कारण दुसरी बाजूही नीट यायला हवी.

लाईन सरळ का जाते? कोन आला की तिथे वेगळा, जड टॉवर लागतो, पाया मोठा लागतो, खर्च वाढतो. म्हणून सर्व्हेवाला दोन बिंदू सरळ जोडायला बघतो. त्यात शाळा दिसते, पण त्याच्या नकाशावर ती इमारत म्हणून दिसते. इमारत चुकवली की त्याचं काम झालं. मैदान त्याला मोकळी जमीनच वाटते. खरी गडबड इथे होते, आणि त्यामागे कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही.

वीज अडली तर काय होतं ते मुंबईने पाहिलंय. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघे पट्ट्यातल्या लाईन्स बंद पडत गेल्या आणि शहर अंधारात गेलं, लोकल थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर आली. मुंबईत बाहेरून वीज आणणारी खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाईन तेव्हा व्हायची होती. तिचं नियोजन कितीतरी आधीचं होतं, सुरू झाली २०२३ मध्ये. जागेचा प्रश्न एक-दोन ठिकाणी अडकला की असं होतं. तेव्हा "शाळेला हात लावू नका" एवढंच म्हणून भागत नाही. त्या शाळेतल्या पंख्यालाही याच उपकेंद्रातून वीज येणार आहे.

आता काय करता येतं ते. टॉवर मैदानात नको असेल तर स्पॅन (दोन टॉवरमधलं अंतर) वाढवून आणि टॉवरची उंची वाढवून दोन्ही टॉवर हद्दीबाहेर ठेवता येतात. तारा वरून जातात, कॉरिडॉर मात्र राहतो. कॉरिडॉरच कमी करायचा तर मोनोपोल (एकाच खांबाचे) किंवा अरुंद पायाचे टॉवर आहेत, इन्सुलेटेड क्रॉस-आर्म (तारा धरणारे विद्युतरोधक आडवे हात) आहेत. भूमिगत केबल हा शेवटचा उपाय. मुंबईसारख्या शहरात २२० केव्हीच्या केबल जमिनीखालून आहेत, कारण तिथे वरून जायला वाटच नाही. पण खर्च ओव्हरहेडच्या कित्येक पट होतो, फॉल्ट शोधायला आणि जोडायला खूप वेळ जातो आणि तो खर्च शेवटी वीजदरात तुमच्या-आमच्याकडेच येतो. शंभर मीटरसाठी केबल मागितली तर दोन्ही टोकांना ओव्हरहेडवरून केबलवर यायची व्यवस्था करावी लागते, तिलाही जागा लागते. म्हणून मी इथे केबल मागणार नाही. मार्ग थोडा वळवणं सर्वांत स्वस्त, आणि ते आत्ताच, फाउंडेशन पडायच्या आधी.

मुख्याध्यापिका (नि.)

रोहित्र साहेब, पालक विचारतात की अशा लाईनखाली मुलांना कॅन्सर होतो का. काय सांगायचं?

रोहित्र

बाई, खरं ते सांगायचं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा कमी वारंवारितेच्या चुंबकीय क्षेत्राला २ब गटात, म्हणजे "कदाचित कर्ककारक" असं ठेवलं. त्यामागे बालपणीच्या ल्युकेमियाची मर्यादित आकडेवारी आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. सर्वसामान्य लोकांसाठी ५० हर्ट्झला आंतरराष्ट्रीय संदर्भपातळी २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे. २२० केव्ही लाईनखाली जमिनीवर साधारण काही मायक्रोटेस्ला मिळतात. घाबरवू नका, आणि "काहीच नाही" असंही म्हणू नका. कंपनीला मोजमाप करून द्यायला सांगा.

मला त्यापेक्षा जास्त काळजी मांजाची आणि लोखंडी पाइपची वाटते. मुलं मैदानात आहेत म्हणजे संक्रांतीला पतंग येणार.

मुख्याध्यापिका (नि.)

पाइपचं अगदी खरं. आमच्या शाळेच्या कुंपणालगत ११ केव्हीची लाईन होती. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी शिपाई आणि मोठ्या वर्गाची चार मुलं ध्वजस्तंभाचा लोखंडी पाइप उभा करत होती. आडवा पाइप उचलताना तो आधी तिरका होतो, मग सरळ. तिरका असताना त्याचं टोक कुठे जाईल ते खाली धरणाऱ्याला दिसत नाही. मी व्हरांड्यातून ओरडले म्हणून थांबले. टोक आणि तार यांत हातभर अंतर असेल नसेल. दुसऱ्या दिवसापासून ध्वजस्तंभ इमारतीच्या दुसऱ्या अंगाला नेला. वीज कंपनीकडे लाईन सरकवायचे अर्ज केले, मी निवृत्त झाले तेव्हाही ती तिथेच होती.

त्यामुळे "मैदान वापरता येईल, फक्त बांधकाम नको" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. शाळेचं मैदान मोकळी जमीन नसतं. तिथे प्रार्थना असते, कवायत असते, मांडव पडतो, बस वळते, खांब रोवले जातात.

रोहित्र

+१. नोंदीसाठी: ३३ केव्हीपर्यंतच्या लाईनला इमारतीच्या सर्वांत उंच भागापासून ३.७ मीटर उभं अंतर लागतं. आडवं अंतर ११ केव्हीपर्यंत १.२ मीटर आणि त्यावर ३३ केव्हीपर्यंत २ मीटर. त्याहून वरच्या दाबाला वाढत जातं. शाळेने मजला चढवायच्या आधी हे मोजून घ्यावं. लाईन आधी आणि मजला नंतर असेल तर सरकवायचा खर्च शाळेच्या गळ्यात पडतो.

कायदेकानू

शेवटच्या वाक्याला जोडून. कलम १६४ खालच्या लाईनबाबत १८८५ च्या कायद्यातलं कलम १७ वाचा. जमीनमालकाला आपल्या जमिनीचा असा वापर करायचा असेल की लाईन हलवणं गरजेचं आहे, तर तो तशी मागणी करू शकतो. आधी मोबदला मिळालेला असेल तर मागणी करताना हलवण्याचा खर्च किंवा मिळालेल्या मोबदल्याची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरायची. कंपनीने ऐकलं नाही तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जायचं. कागदावर हे कलम शाळेच्या फार उपयोगाचं आहे. २२० केव्हीची चालू लाईन कुणी सहज हलवेल असं मात्र समजू नका.

दूरसंचार अधिनियम, २०२३ ने तार अधिनियम रद्द केला, मग हे लागू कसं, असं कुणी विचारेल. त्या नव्या कायद्यातच तरतूद आहे की कलम १६४ खालच्या पारेषण लाईनसाठी जुन्या कायद्याचा भाग तीन चालू राहील.

विरोध केला तर कलम १६ (१) खाली कंपनी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून आदेश आणते. मोबदला अपुरा वाटला तर १६ (३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज. लोक पहिल्या टप्प्यावर तोंडी विरोध करतात, खुंट्या उपटतात आणि सुनावणीला रिकाम्या हाताने जातात. शाळेने तिथे मंजूर आराखडा, पटसंख्या, वर्गवाढीचा प्रस्ताव आणि पर्यायी मार्गाचा नकाशा घेऊन जावं. अनुच्छेद ३० चा युक्तिवाद तिथेच नोंदवावा. जमीन संपादित होत नसली तरी परिणाम तोच होतोय, हे म्हणणं आकड्यांनी दाखवलं तरच वजन येतं.

हिशेबी

मोबदल्याचं कुणी लिहिलं नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला जमीनमूल्याच्या ८५ टक्के आणि कॉरिडॉरला जास्तीत जास्त १५ टक्के सुचवले होते. जून २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते २०० टक्के आणि ३० टक्के झाले. राज्यं आपापले निर्णय काढतात, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात काय लागू आहे ते बघून घ्यावं.

आता धागाकर्त्यांचं उदाहरण घ्या. टॉवर हद्दीबाहेर गेला तर शाळेला फक्त कॉरिडॉरचे ३० टक्के. साडेचौतीस गुंठ्यांचे ३० टक्के म्हणजे दहा-सव्वादहा गुंठ्यांची किंमत. तेवढ्यात शाळेला लागून दुसरी जमीन मिळणार का? मिळाली तरी बांधकामायोग्य साडेचौतीस गुंठे हातचे गेले आणि दहा आले. शेताचं तसं नसतं, तारांखाली सोयाबीन येतं. शाळेच्या बाबतीत जमिनीचा मुख्य उपयोगच जातो, पण टक्केवारी दोघांना एकच.

गटनंबर

तारांखाली सोयाबीन येतं हे खरं, आंबा येत नाही. विहीर खोदायला बोअरची गाडी उभी करता येत नाही. एवढं लक्षात असू द्या.

हिशेबी

मान्य. फळबागवाल्याचा हिशेब वेगळा धरायला हवा.

कायदेकानू

विश्वस्तांसाठी एक सावधगिरी. लाईनऐवजी उपकेंद्रासाठी किंवा डीपीसाठी जागा "स्वखुशीने द्या" असा प्रस्ताव कधीकधी येतो, वर कनेक्शन लवकर देऊ असं सांगितलं जातं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, बदलून द्यायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीला दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमिनीला किंवा इमारतीला तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तरी लागते. अध्यक्षांनी एकट्याने संमतीपत्रावर सही करून येऊ नये. जमीन वक्फची असेल तर वाट आणखी वेगळी, तिथे वक्फ मंडळ येतं.

सह्यकडा

ट्रस्टचीच आहे, वक्फ नोंद नाही. सर्वांचे आभार, बरंच हाती लागलं.

काल विश्वस्तांची बैठक झाली. "हातच लावू देणार नाही" ही भाषा सोडायचं ठरलं. एक वयस्कर विश्वस्त म्हणाले, "लाईट आपल्यालाही पाहिजे, पोरी रात्री अभ्यास करतात." जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि कंपनीकडे एकच अर्ज जाईल. त्यात संयुक्त पाहणी मागतोय. मंजूर आराखडा आणि वर्गवाढीचा प्रस्ताव जोडतोय. गायरानाच्या कडेच्या मार्गाची तांत्रिक तपासणी करून लेखी उत्तर द्यावं अशी विनंती आहे. तो मार्ग शक्य नसेल तर अरुंद कॉरिडॉरचा टॉवर आणि वर्गखोल्यांसाठी लागून तेवढीच जमीन, केवळ टक्केवारी नको, अशी दुसरी मागणी आहे.

गटनंबर

मग त्या संयुक्त पाहणीला मधल्या दोन गटांच्या मालकांनाही नोटीस जाऊ द्या. नकाशावर त्यांच्या विहिरी आणि झाडं दाखवा. शाळेच्या अर्जातूनच त्यांना हे पहिल्यांदा कळायला नको.

सह्यकडा

बरोबर. अर्ज अजून दिलेला नाही. उद्या दोघांकडे जाऊन येतो, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत जोडतो. कुणाची बाग असेल तर गायरानातून आणखी आत वळवता येते का, तेही रोहित्र साहेबांना नकाशा पाठवून विचारतो.

रोहित्र

पाठवा. गट नंबर, ओढ्याची रेघ आणि जुन्या ३३ केव्हीच्या खांबांच्या जागा त्यात असू द्या. ३३ केव्हीला ओलांडायचं असेल तर क्रॉसिंगची उंची धरावी लागेल, त्यावरून कोनाचा टॉवर कुठे बसतो ते ठरेल. आणि अर्जाची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह.